राखी संध्याकाळपर्यंत का सुटते? चंद्रपूरच्या बांबू राखीतली ‘सरकती गाठ’ समजून घ्या

सकाळी बहिणीने बांधलेली राखी संध्याकाळी मनगटावर नसते. कुठे गळून पडली, कोणाला कळतही नाही. दोष राखीच्या फुलाला दिला जातो, पण बहुतेक वेळा हार मानलेली असते ती गाठीने.

चंद्रपूर-गडचिरोलीत या गाठीला जरा जास्तच महत्त्व आहे. कारण इथल्या अनेक महिलांच्या हातात राखी म्हणजे एका सणाची वस्तू नाही, बांबूतून मिळणारी कमाई आहे.

जंगलातला बांबू मनगटावर कसा आला?

या भागातला बांबू वर्षानुवर्षे मुख्यतः कागदासाठी ओळखला गेला. बल्लारपूरचा कागद कारखाना त्याचं ठळक उदाहरण. गावाला मिळायची ती तोडणीची मजुरी.

मग चित्र बदलू लागलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. २०१४ मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. चंद्रपूरच्या मीनाक्षी वाळके यांच्यासारख्या कारागिरांनी बांबूच्या राख्यांना जिल्ह्याबाहेर ओळख मिळवून दिली.

हिशेब साधा आहे. अख्खा बांबू विकला तर लाकडाचा भाव मिळतो. त्याच बांबूची कामटी काढून, घासून, रंगवून, दोरीत बसवली तर कामाचा भाव मिळतो. पण दोरी सुटली की तो भावही गेला, आणि पुढच्या वर्षीचा गिऱ्हाईकही.

बांबूला भोक पाडलं की काय होतं?

बांबूचे धागे उभे, लांबीच्या दिशेने असतात. म्हणून तो सरळ चिरतो. कामटीच्या टोकाशी भोक पाडून दोरी ओढली, तर ताण नेमका त्या चिरेवर येतो आणि तुकडा फाटतो. म्हणून भोक टोकापासून थोडं आत घेतात, किंवा दोरी तुकड्याला वेढून मागे गाठवतात. ताण एका बिंदूवर न राहता पसरतो.

मंगळसूत्र ‘गाठवून’ घ्यायला आपण पटवेकऱ्याकडे जातो ना? तत्त्व तेच. मणी महाग असो की स्वस्त, त्याला सांभाळते ती गाठ.

चौकोनी गाठ कशी मारतात?

राखी, ब्रेसलेट, ओळखपत्राची गळपट्टी, सगळीकडे दिसणारी ही गाठ. चार दोऱ्या लागतात. मधल्या दोन ताणून धरायच्या, बाजूच्या दोन काम करतात.

१. डावी दोरी मधल्या दोऱ्यांवरून उजवीकडे न्या. तिच्यावर उजवी दोरी ठेवा.
२. उजवी दोरी मधल्या दोऱ्यांखालून डावीकडे नेऊन तिथल्या फाशातून वर काढा. दोन्ही ओढा. ही अर्धी गाठ.
३. आता हेच उलट बाजूने, उजव्या दोरीपासून सुरू करा. गाठ पूर्ण.

दर वेळी डावीकडूनच सुरुवात केली तर पट्टी आपोआप पिळत जाते. ती चूकही असू शकते आणि नक्षीही! बाजू आलटून-पालटून घेतली तर पट्टी सपाट राहते. काम करणाऱ्या दोऱ्या तयार पट्टीच्या साधारण चार ते पाच पट लांब घ्या, नाहीतर अर्ध्यात संपतात.

वेणी आणि या पट्टीत एक मोठा फरक आहे. वेणीचं टोक सुटलं की ती उलगडत जाते. इथे प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे आवळलेली असते.

मग सरकती गाठ म्हणजे काय?

राखीची दोन टोकं एकमेकांवर उलट दिशेने ठेवायची आणि वेगळ्या छोट्या दोरीने दोन्हींभोवती चार-पाच चौकोनी गाठी मारायच्या. टोकं ओढली की राखी आवळते, गाठ धरून मधला भाग ओढला की सैल होते. लहान भाचा असो की मोठा दादा, एकच राखी दोघांना बसते. टोकांना मणी किंवा जाड गाठ हवीच, नाहीतर टोक निसटतं.

हे सगळं घर्षणावर चालतं. सुती आणि मेण लावलेली दोरी पकड धरते. गुळगुळीत सॅटिन घसरते, तिथे गाठी वाढवाव्या लागतात. नायलॉनचं टोक किंचित वितळवून बंद करता येतं. सुती टोक वितळत नाही, त्याला गाठ किंवा डिंकच हवा.

एक काळजी मात्र घ्या. हीच गाठ लहान मुलांच्या गळ्यातल्या दोरीला नको. दोरी कुठे अडकली तर ती आवळू शकते. तिथे झटका बसताच सुटणारी क्लिपच योग्य.

राखी घेताना काय पाहाल?

टोकं दोन-तीनदा हलकेच ओढून पाहा. गाठ सरकली पाहिजे, पण हात सोडल्यावर जागेवर थांबली पाहिजे. बांबूच्या भोकाशी चीर आहे का, तेही बघा. अशी राखी सणानंतरही ब्रेसलेट म्हणून हातात राहते. आणि तिच्यामागे बसलेल्या बाईचं काम पुढच्या श्रावणातही चालू राहतं.