कुत्रं भाकरी खातंय, तरी बरगड्या दिसतायत? आधी जंत बघा, मग ताट बदला

जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माळरानावर मेंढरांच्या कळपामागं कुत्रं लागतंच. शिराळा-वाळव्याकडं उसातल्या बिबट्याच्या भीतीनं वस्तीवर कुत्रं असलं की घरच्यांना रात्री जरा बिनघोर झोप लागते. एवढं महत्त्वाचं हे जनावर, पण त्याच्या खाण्याचा हिशोब फार कमी घरांत होतो. उरलेली भाकरी, त्यावर आमटीचं पाणी किंवा थोडं दूध, झालं काम. मग काही दिवसांनी तक्रार सुरू होते : "खातंय तर भरपूर, पण अंगाला काही लागत नाही."

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एकतर भाकऱ्या वाढवतात, नाहीतर मेडिकलमधून 'ताकदीचं' टॉनिक आणतात. बऱ्याचदा दोन्हींचा उपयोग होत नाही. कारण कुत्रं वाळण्यामागं साधारण दोन मोठी कारणं असतात : पोटातले जंत किंवा अंगावरचे गोचीड रक्त खात असतात, आणि ताटात पोट भरणारं खूप पण अंग भरणारं कमी असतं. या दोन्ही गोष्टी याच क्रमानं कशा सोडवायच्या, ते पाहू.

बारीक कुत्रं आणि वाळलेलं कुत्रं

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडं सीमाभागात कारवान आणि बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ ही पळणारी जात जास्त. ही कुत्री अंगानं सडपातळच असतात. छाती खोल, पोट आत ओढलेलं आणि शेवटच्या दोन-तीन बरगड्या थोड्या दिसणं हे त्यांच्यात तब्येतीचंच लक्षण आहे. अशा कुत्र्याला लॅब्राडोरसारखं गोल करायच्या नादात चरबी वाढते, ताकद नाही. जादा वजनाचा भार सांध्यांवर येतो आणि कुत्रं पळायला जड होतं.

म्हणून नुसतं डोळ्यांनी न बघता हातानं तपासा. तळहात बरगड्यांवरून हलका फिरवा. बरगड्या सहज लागल्या, पण वर पातळ थर जाणवला तर वजन ठीक. दाबूनही लागत नसतील तर कुत्रं जाड झालंय. हाताला बरगड्या काठीसारख्या टोकदार लागल्या, पाठीचा कणा आणि माकडहाडाजवळची हाडं वर आली असली तर ते वाळलंय. पशुवैद्यक यासाठी १ ते ९ असा मापदंड वापरतात. त्यात ४ ते ५ म्हणजे उत्तम.

स्नायू वेगळे तपासायचे. मांडीचा मागचा भाग, खांद्याचं पातं आणि डोक्याचा वरचा भाग बघा. पोट भरलेलं दिसतंय पण मांड्या सपाट आणि डोक्यावर खड्डे, असं असेल तर चरबीपेक्षा स्नायूच कमी झालेत. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि बाकी अंग काटकुळं, हे तर जंतांचं ठरलेलं चित्र.

पहिलं काम : जंत आणि गोचीड

पोटात जंत असताना चांगलं खायला घालणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी ओतणं. गोल जंत पिल्लाचं खाणं पळवतात. अंकुश जंत (हूकवर्म) आतड्याला चिकटून रक्त पितात, त्यानं हिरड्या पांढुरक्या पडतात आणि शेण काळपट होतं. शेणात किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही हललं तर तो पट्टकृमी. तो पिसवांमधून येतो, म्हणून औषधाबरोबर पिसवाही घालवाव्या लागतात, नाहीतर महिन्याभरात परत तेच.

पिल्लाला २ आठवड्यांचं झाल्यापासून ८ आठवड्यांपर्यंत दर १५ दिवसांनी जंताचं औषध द्यायचं. पुढं ६ महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा आणि मोठ्या कुत्र्याला दर ३ महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो, म्हणून आधी वजन करा. मेंढरांसाठी आणलेलं औषध किंवा इंजेक्शन कुत्र्याला अंदाजानं देऊ नका. मेंढराचा डोस कुत्र्याला जास्त झाला तर जिवावर बेतू शकतं.

मेंढपाळ घरांसाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बकरं-मेंढरू कापल्यावर काळीज, फुप्फुस कच्चंच कुत्र्यापुढं टाकायची सवय असते. त्यात पाण्यासारख्या गाठी असल्या तर त्यातून एक बारीक पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि हात न धुता जेवणाऱ्या माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात गाठी होतात. अंगणात कुत्र्याशी खेळणाऱ्या लहान पोरांना याचा धोका जास्त. असे अवयव कच्चे कधीच टाकू नका, गाठी असतील तर खोल पुरून टाका.

गोचीडांचं तसंच. गोचीड नुसतं रक्त पीत नाही, रक्तात ताप सोडतं. कुत्रं खाणं सोडतं, अंग तापतं, हिरड्या फिकट होतात, कधी नाकातून रक्त येतं, आणि आठ-पंधरा दिवसांत चांगलं कुत्रं वाळतं. या आजारावर खुराकाचा उपाय नाही. रक्त तपासून औषध लागतं, आणि वेळेत दिलं तर कुत्रं उठतं.

भाकरीनं पोट भरतं, अंग का भरत नाही?

समजा तुमचं कुत्रं २० किलोचं आहे. साधारण हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या अशा कुत्र्याला दिवसाला १,०५० ते १,२०० कॅलरी लागतात. दिवसभर कळपामागं पळणाऱ्याला याहून बरंच जास्त. १०० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून ३३० च्या आसपास कॅलरी मिळतात. म्हणजे तीन-साडेतीन भाकऱ्यांत कॅलरीचं गणित जुळतं.

पण स्नायू बनतात प्रथिनांपासून. एका भाकरीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं, तीन भाकऱ्यांत ३०. अशा कुत्र्याला निदान ५० ग्रॅम तरी मिळायला हवीत. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, त्याशिवाय शरीराला स्नायू नीट बांधता येत नाहीत. म्हणून भाकऱ्या तीनाच्या पाच केल्या तर एकतर कुत्रं ते खात नाही, नाहीतर पोटावर चरबी चढते आणि मांड्या तशाच राहतात.

यात भाकरीला दोष नाही. शिजवलेलं धान्य कुत्र्याला पचतं आणि ताकदही देतं. नुसत्या भाकरीवर भागवणं ही चूक.

दुधाबद्दलही असंच. पिल्लू मोठं होईल तशी दुधातली साखर पचवायची त्याची शक्ती कमी होते. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना वाटीभर दुधानं हगवण लागते आणि खाल्लेलं सगळं निघून जातं. त्यापेक्षा दही किंवा बिनमिठाचं ताक बरं सोसतं.

घरच्या घरी ताट कसं लावायचं

२० किलोच्या, निरोगी, मोठ्या कुत्र्यासाठी दिवसभराचं एक साधं ताट :

- ज्वारी किंवा बाजरीच्या २ भाकऱ्या (किंवा तेवढाच शिजवलेला भात)
- २ उकडलेली अंडी
- हाडं काढलेलं १०० ग्रॅम उकडलेलं चिकन, किंवा ५० ग्रॅम सुके सोयाबीन वडे भिजवून, शिजवून
- शिजवलेला भोपळा किंवा गाजर मूठभर
- २ लहान चमचे शेंगदाणा किंवा करडईचं तेल

यातून १,१०० च्या आसपास कॅलरी आणि ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं मिळतात. कॅलरी जवळपास त्याच, पण प्रथिनं दुपटीच्या घरात.

ज्या घरात मांस-अंडं चालत नाही तिथं सोयाबीन वडे हा स्वस्त आणि चांगला आधार आहे. १०० ग्रॅम सुक्या वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. सोबत शिजवून घोटलेली मूग किंवा मसूर डाळ आणि दही द्या. सोयाबीन एकदम जास्त दिलं तर पोटात वारा धरतो, म्हणून १० ग्रॅमपासून सुरुवात करा.

अंडं उकडूनच द्या. कच्च्या पांढऱ्या भागामुळं बायोटिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. घरच्या खाण्यात कॅल्शियम कमी पडतं, त्यासाठी अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, बारीक पूड करा आणि मोठ्या कुत्र्याला रोज अर्धा लहान चमचा द्या. पिल्लाला मात्र हे अंदाजानं देऊ नका. पिल्लात कॅल्शियम कमी झालं तरी पाय वाकतात आणि फार झालं तरी हाडं बिघडतात.

दुकानातलं पिशवीतलं तयार खाद्य देत असाल तर मागचा तक्ता वाचा. मोठ्या कुत्र्यासाठी प्रथिनं निदान १८ टक्के, पिल्लांसाठी निदान २२ टक्के हवीत. घरचं पूर्ण ताट आणि वर पूर्ण तयार खाद्य असं दोन्ही घातलं तर कुत्रं सुटतं.

घाई नको : आठवड्याचा हिशोब ठेवा

खाणं एका दिवसात बदलू नका. पहिले २-३ दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, असं ८ ते १० दिवसांत पूर्ण बदला. फार वाळलेल्या, उपाशी राहिलेल्या कुत्र्यापुढं तर एकदम भरलेलं ताट ठेवणं धोक्याचं. त्याला थोडं-थोडं, दिवसातून चार वेळा द्या, आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

वजनासाठी धान्याचा किंवा पोत्याचा काटा चालतो. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकट्याचं वजन करा आणि वजा करा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, खाण्याच्या आधी. २० किलोच्या कुत्र्याचं वजन आठवड्याला २०० ते ४०० ग्रॅम वाढलं तरी पुष्कळ झालं. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर खाणं दहा टक्क्यांनी वाढवा. महिन्यातही फरक नसेल तर अडचण ताटात नाही, दवाखान्यात जा.

मांड्या भरतात त्या चालण्यानं

नुसत्या प्रथिनांनी स्नायू होत नाहीत. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं कितीही चांगलं खाल्लं तरी सुटतंच. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालवा, बांधावर, चढावर, नांगरलेल्या मऊ रानात. मागच्या पायांना चढाचा सगळ्यात जास्त फायदा होतो. अशक्त कुत्र्याला १० मिनिटांपासून सुरुवात करा.

पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नका. कारवान, मुधोळसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो. पोट ढोलासारखं फुगलं आणि कुत्रं ओकायला बघतंय पण काही येत नाही, असं दिसलं तर तासाभराचाही उशीर परवडत नाही. दिवसाचं खाणं दोन वेळा विभागून द्या आणि मध्ये विश्रांती ठेवा.

शर्यतीच्या नादात कुणी 'अंग भरायचं' इंजेक्शन सुचवलं तर नाही म्हणा. त्यानं दिसायला अंग भरतं, आतून यकृत आणि हृदय खराब होतं.

व्यालेली कुत्री आणि वाढती पिल्लं

सगळ्यात जास्त वाळते ती व्यालेली कुत्री. गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत तिचं खाणं हळूहळू वाढवायला लागतं, आणि पिल्लं पीत असताना तिला नेहमीच्या दुप्पट ते चौपट खाणं लागतं. तेवढं एका वेळी पोटात मावत नाही, म्हणून तीन-चार वेळा द्या. पाणी कायम समोर हवं. पिल्लांना चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, पुढं वर्षाचं होईपर्यंत दोन-तीन वेळा खायला घाला.

हे ताटात कधीच नको

- कांदा, लसूण : कच्चा असो वा शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून मटणाचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतणं टाळा.
- द्राक्षं आणि बेदाणा : मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. तासगाव-मिरज भागात बेदाणा शेडवर कुत्री मोकळी असतात, तिथं जास्त लक्ष ठेवा.
- शिजवलेली हाडं : त्यांच्या कपच्या होतात आणि आतड्यात घुसतात.
- बुरशी आलेली भाकरी, मका, शेंगदाणा पेंड : बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृताला फार लवकर मारतं. गुरांना नको म्हणून बाजूला काढलेलं कुत्र्याला घालू नका.
- पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी, चॉकलेट, तिखट-मीठ जास्त असलेलं खाणं.

दवाखान्यात कधी न्यायचं?

दोन दिवस खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, सतत हगवण किंवा उलटी, शेणात रक्त, खोकला, किंवा भरपूर खाऊन आणि भरपूर पाणी पिऊनही वजन उतरत असेल तर घरचे उपाय थांबवा. जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा फिरत्या पथकासाठी १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. जाताना ताजं शेण डबीत घेऊन जा, जंतांची तपासणी लगेच होते.

यात खर्चाचं म्हणाल तर एक जंताची गोळी, रोजची दोन अंडी आणि मूठभर सोयाबीन वडे. त्याबदल्यात रात्री बिबट्याची किंवा लांडग्याची चाहूल लागल्यावर उठून भुंकायची ताकद कुत्र्यात राहते. येत्या आठवड्यात एवढं तरी करा : बरगड्यांवरून हात फिरवा, हिरड्या बघा, वजन लिहून ठेवा, आणि शेवटचं जंताचं औषध कधी दिलं होतं ते आठवा. आठवत नसेल, तर तिथूनच सुरुवात करायची.