स्मृतिभ्रंश समजून घेताना (लेखांक ४) : तारीख नको, बाजाराचा वार विचारा

पोळा होऊन किती दिवस झाले, पऱ्हाटीला बोंडं धरली की वेचणी लागली, गावचा बाजार कोणत्या वारी? समुद्रपूर तालुक्यातल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या एखाद्या आजीला हे विचारा, ती फटाफट सांगेल. आजची तारीख विचारली तर गप्प बसेल. तारखेवाचून तिचं कधी अडलंच नाही.

डॉक्टरांची चाचणी मात्र तारखेपासूनच सुरू होते. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी ‘मिनी मेंटल’ चाचणी एक वाक्य लिहायला सांगते, आकृती काढायला लावते, शंभरातून सात-सात वजा करवते. (यात शिकलेली माणसंही अडखळतात, तो भाग वेगळा.) निरक्षर माणूस ठणठणीत असला तरी इथे नापास! १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्या भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी म्हणून तिचं हिंदी रूप घडवलं. त्यात शंभराऐवजी विसातून तीन-तीन वजा करायचे. वाक्य लिहायचं नाही, आपल्या घराबद्दल काहीतरी बोलायचं. ‘डोळे मिटा’ हा कागदावरचा हुकूम वाचण्याऐवजी समोरचा करतो तसं करायचं.

हे आपल्याकडे महत्त्वाचं, कारण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त.

घरात मात्र ‘बुढीचं वय झालं न बाप्पा’ म्हणून विषय मिटतो. वरणात दोनदा मीठ पडतं, सून गुपचूप निस्तरते. चाळीस वर्षं पायाखालची वावराची वाट चुकते, तेव्हा कुठे दवाखाना आठवतो. तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात.

उशीर महागात पडतो, कारण प्रत्येक विसराळूपणा हा अल्झायमर नसतो. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, महिन्यापूर्वी न्हाणीत पडून डोक्यात साचलेलं रक्त, यांवर उपचार आहेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ तर तपासायलाच हवं. त्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं विनोबा भावे रुग्णालय, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत. जाताना रोज जवळ असणाऱ्या माणसाला सोबत न्यावं. बहुधा ती सूनच. आधी काय जमायचं आणि आता काय जमत नाही, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

निदान अल्झायमरचं निघालं, तर गोळ्यांनी काहींना काही काळ उतार पडतो. आजार जात नाही. अशा रुग्णांसाठीची निवासी केंद्रं बहुतेक मोठ्या शहरांत, म्हणून सांभाळ घरातच. वर्ध्याच्या मे महिन्यात भर दुपारी घराबाहेर पडलेला म्हातारा उन्हानेच दगावू शकतो. सदऱ्याच्या आत घरचा फोन नंबर शिवून ठेवावा, दाराची कडी नेहमीच्या जागेवरून हलवावी. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. आणि सांभाळणारीचीच झोप उडाली असेल, तर टेलिमानस १४४१६ रात्रीही चालू असते.

पुढील लेखांकात : पेन्शन, बँक आणि सही चुकू लागल्यावरची कागदपत्रं.