भास गेले, अभ्यास अडला

औषध लागू पडलेलं असतं. कानात येणारे आवाज थांबलेले, शेजारी पाळत ठेवून आहेत हा संशय विरलेला, झोपही लागू लागलेली. घरचे देवापुढे नारळ वाढवतात आणि मुलाला पुन्हा कॉलेजात पाठवतात. महिना-दोन महिन्यांत वेगळ्याच तक्रारी सुरू होतात. पान वाचतो, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. चार वस्तू आणायला सांगाव्यात तर दोनच आणतो. मित्रांच्या घोळक्यात उत्तर सुचेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. ‘बरा झालाय, पण आळशी झालाय,’ असं घरात ठरून जातं. सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराच्या, पहिल्या झटक्यातून सावरणाऱ्या तरुणांचं मोठं नुकसान या एका वाक्याने होतं, कारण ज्याला आळस म्हणतात तो बहुतेकदा आजाराचाच उरलेला भाग असतो, आणि त्यावर उपचार आहेत.

खरं तर ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीच दिसली होती. मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकोसिसच्या एका गंभीर प्रकाराला दिलेल्या नावाचा अर्थच ‘अकाली बुद्धिभ्रंश’ असा होता. ते नाव निर्दय होतं आणि चुकीचंही, कारण त्यातून सगळ्यांची बुद्धी ढासळतच जाणार असं सूचित होत होतं. १९०८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलरने त्याऐवजी ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द आणला. पुढे १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा गुण दिसला आणि सगळं लक्ष भास-भ्रमांवर खिळलं. ज्यावर गोळी सापडली तोच आजार, अशी जणू समजूत झाली. स्मरणशक्ती, एकाग्रता, विचारांचा वेग या गोष्टी मागे पडल्या. पहिल्या झटक्यानंतरच्या रुग्णांच्या चाचण्या मात्र वेगळं सांगतात. त्यांचे सरासरी गुण निरोगी समवयस्कांपेक्षा साधारण एका प्रमाण विचलनाने कमी भरतात. म्हणजे शंभर जणांच्या वर्गात मधोमध असायला हवा तो खालून सोळाव्या क्रमांकाच्या आसपास दिसतो. ऐकलेलं लक्षात ठेवणं आणि कामाचा वेग यांना फटका जास्त. ही सरासरी झाली. काहींच्या चाचण्या अगदी चांगल्या येतात. पण अमेरिकेतल्या मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा नोकरी, नाती, स्वतःचं स्वतः भागवणं यांचा संबंध भास-भ्रमांपेक्षा या क्षमतांशी अधिक जुळताना दिसला.

‘हे सगळं गोळ्यांमुळेच,’ हा आक्षेप घराघरांत ऐकू येतो. त्यात अर्धं तथ्य आहे. जास्त डोस सुस्ती आणतो, आणि हाताची थरथर थांबवायला दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी स्मरणशक्तीला बाधते. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीच गोळी सोडू नये, कारण झटका परतला तर वर्षच वाया जातं. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातून मिळतं. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा लहानपणापासून मागोवा घेतला गेला. त्यांपैकी ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, ती मुलं शाळकरी वयातच, एकही गोळी पोटात जाण्याआधी, काही चाचण्यांत मागे होती.

मग या अडचणींवरच गोळी का नाही? प्रयत्न झाले, नाही असं नाही. आयक्लेपर्टिन या औषधाकडून बऱ्याच आशा होत्या. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत ते अपयशी ठरल्याचं २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झालं. त्यामानाने हाताशी आहे तो उपाय साधा वाटतो: विचारक्षमतेचं प्रशिक्षण. २०२१ मध्ये १३० चाचण्यांचा, सुमारे ८,८५० रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. फायदा लहान ते मध्यम, पण चाचणीच्या कागदापुरता नाही, दैनंदिन व्यवहारातही दिसणारा. इथे कोणी म्हणेल, मग मोबाइलवरचं कोडी सोडवायचं ॲप पुरे. तेवढ्याने भागत नाही. त्याच आढाव्यात गुण अधिक दिसला तो प्रशिक्षित माणूस सोबत असेल, लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवल्या असतील आणि सराव प्रत्यक्ष नोकरी-शिक्षणाच्या पुनर्वसनाला जोडला असेल तिथे. कोड्यातला वेग वाढला म्हणून लेक्चरच्या नोट्स आपोआप उतरवता येत नाहीत; ती सांगड कोणीतरी घालून द्यावी लागते.

अशी माणसं आपल्याकडे मोजकी, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ मिळणंच मुश्कील, तिथे प्रशिक्षक कुठून आणायचा? तरीही बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने यावर काम केलं आहे. पहिल्या झटक्याच्या ४५ रुग्णांवर तिथे घरी करायच्या प्रशिक्षणाची चाचणी झाली, आणि नियोजनासारख्या काही क्षमतांत नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा आढळली. अभ्यास लहान, त्यावर इमले बांधू नयेत. पण याच संस्थेच्या पद्धतींत लक्ष टिकवण्यासाठी मिसळलेलं धान्य वेगळं करण्याचं कामही वापरतात. त्याला ना संगणक लागतो ना इंटरनेट. कॉलेजांकडूनही फार मोठं काही मागायचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, मात्र नुकत्याच सावरलेल्या विसाव्या वर्षीच्या मुलाला दिव्यांगत्वाचा दाखला नको असतो, आणि त्यात गैर काही नाही. दाखल्याशिवायही एका सत्रात सहाऐवजी तीन विषय घेऊ देता येतात, सूचना तोंडी सांगण्याऐवजी लिहून देता येतात, आणि पहिल्या सत्रात तो मागे पडला तर नापासाचा शिक्का मारण्याआधी त्याला बोलावून विचारता येतं.