जरा सरकून घ्या!

शटर आठ फुटांचं, गाड्या दोन आणि त्यातली एक जागची हलायला तयार नाही. अशा वेळी चाकांखाली चाकं लावणारी ‘व्हील डॉली’ मदतीला येते. फक्त एक गोष्ट ती गुपचूप काढून घेते. ब्रेक!

दसऱ्याला नवी गाडी आणायची असं ठरलं आणि आमच्या घरात सरळ दोन पक्ष पडले. एकीकडे दादा आणि वहिनी, दुसरीकडे बाबा आणि त्यांची इंडिका. आई नेहमीप्रमाणे तटस्थ. म्हणजे चहा करता करता दोन्हीकडचं ऐकून घेणार आणि शेवटी बाबांच्या बाजूने बोलणार.

निगडी प्राधिकरणातलं आमचं घर जुनं आहे. खाली गॅरेज. आतून चांगलं पंधरा फूट रुंद, अठरा फूट खोल. पण शटर आठच फुटांचं, तेही डाव्या कडेला. उजव्या भागात बाबांचं वर्कबेंच, पान्यांचा बोर्ड, रद्दीचे गठ्ठे आणि माझी शाळेतली सायकल. शटरसमोर इंडिका. २००३ ची, पांढरी, गेली तीन वर्षं बंद.

“भंगारात देऊन टाकू या ना आता,” दादा म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. पेपर उचलला आणि गॅलरीत जाऊन बसले. आमच्याकडे याला ‘नाही’ म्हणतात.

बाबांची उभी हयात टेल्कोत गेली. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण पिंपरी-चिंचवडमध्ये जुन्या माणसांच्या तोंडी अजून टेल्कोच. १९९८ च्या डिसेंबरात इंडिका बाजारात आली, तेव्हाची एक गोष्ट बाबा दर दिवाळीला सांगतात. निस्सानच्या ऑस्ट्रेलियातल्या बंद पडलेल्या कारखान्यातली असेंब्ली लाइन टेल्कोने विकत घेतली, ती सुटी करून जहाजाने इथे आणली आणि पिंपरीत पुन्हा उभी केली. त्यामुळे गॅलरीतून आवाज आला तो असा : “अख्खी लाइन ऑस्ट्रेलियातून पिंपरीत आली आणि तुम्हाला एक गाडी सात फूट सरकवता येत नाही?”

झालं! विषय दादाच्या इगोवर आला.

खुर्चीची चाकं, गाडीच्या पायात

हिशेब सोपा होता. इंडिका साडेपाच फुटांच्या आसपास रुंद, नवी गाडी सहाच्या आत. पंधरा फुटांत दोन्ही मावतात, दारं उघडायलाही थोडी जागा राहते. अडचण एवढीच की गाडी पुढे जाते, मागे येते, पण खेकड्यासारखी आडवी चालत नाही. त्यात इंडिकाची मागची चाकं जॅम. हँडब्रेक ओढून गाडी तीन पावसाळे उभी ठेवली की हेच होतं. ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला चिकटतात आणि हँडब्रेक सोडला तरी चाक फिरत नाही.

यावर उपाय म्हणजे व्हील डॉली. नाव भारी, वस्तू साधी. तुमच्या ऑफिसच्या खुर्चीला असतात तशी चारी दिशांना वळणारी छोटी चाकं, म्हणजे कॅस्टर, लावलेली एक भक्कम लोखंडी ताटली. गाडी जॅकवर उचलायची, चाकाखाली ताटली सरकवायची, जॅक सोडायचा. चारही चाकांना असं केलं की गाडी कुठल्याही दिशेला ढकलता येते. दुसरा प्रकार जरा महागडा. त्यात टायरच्या पुढे-मागे दोन रोलर येतात आणि पायाने पेडल दाबत गेलं की ते जवळ येत टायरलाच वर उचलतात. जॅकची गरज नाही.

रिव्हर्स, फर्स्ट, रिव्हर्स, फर्स्ट करून कंटाळलेल्या माणसाला ही कल्पना फार जुन्या काळापासून सुचते आहे. कॅलिफोर्नियातल्या ब्रूक्स वॉकर नावाच्या गृहस्थांनी १९५० च्या दशकात गाडीच्या डिकीतून खाली उतरणारं एक आडवं पाचवं चाक बनवलं होतं. ते जमिनीला टेकलं की गाडीची शेपूट थेट बाजूला सरकायची. आणि २०२३ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात ह्युंदाई मोबिसने चारही चाकं काटकोनात वळवून आडवी चालणारी इलेक्ट्रिक गाडी दाखवली. आपल्या गॅरेजपर्यंत ती यायची तेव्हा येईल. तोवर डॉली.

बाबा कट्ट्यावर गेले आणि...

एका रविवारी सकाळी बाबा ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर गेले. दादाने शेजारच्या मुलाला हाक मारली आणि नव्या कोऱ्या चार डॉल्यांचं खोकं फोडलं. मी मोबाइल घेऊन शूटिंगला. बाबांना सरप्राइज द्यायचं होतं ना!

पहिला अर्धा तास एकदम मस्त गेला. चारही चाकं डॉलीवर चढली. दोघांनी जोर लावला आणि काय सांगू, तीन वर्षं हलली नाही ती गाडी डी-मार्टच्या ट्रॉलीसारखी उजवीकडे निघाली. एक फूट, दोन फूट, तीन फूट. मी खूश होऊन शटरच्या खांबाला टेकून व्हिडिओ काढत होते.

आणि मग ती थांबेना.

उजवीकडे जाता जाता गाडी हळूच मागे, शटरकडे, म्हणजे माझ्याकडे वळली. वेग अगदी कमी. चालत येणाऱ्या माणसाएवढाही नाही. दादा बॉनेटला धरून ओढतोय, शेजारचा मुलगा आरसा धरून लटकलाय आणि गाडी आपली येतेच आहे. “बाजूला हो!” दादा ओरडला. मी बाहेर उडी मारली. पुढच्या क्षणी बंपरचा कोपरा खांबावर आदळला. टेललाइट फुटला. जिथे बंपर लागला, तिथे दोन सेकंदांपूर्वी माझा गुडघा होता.

बाबा परत आले. काचा बघितल्या, मला नखशिखांत बघितलं आणि एकच प्रश्न विचारला : “ब्रेक कुठे होता?”

दादा म्हणाला, “अहो, हँडब्रेक तर जॅमच आहे.”

“तो चाकाला. चाक कशावर उभं होतं?”

सगळी गोम इथेच आहे. हँडब्रेक, गिअर, जॅम झालेले ड्रम, हे सगळं गाडीचं चाक धरून ठेवतं. पण डॉलीवर गाडीचं चाक जमिनीला टेकलेलंच नसतं. खालचे कॅस्टर मोकळे. चारही चाकं डॉलीवर गेली की तुमची गाडी म्हणजे ब्रेक नसलेलं एक टन वजन. आणि आमच्या गॅरेजला, बऱ्याच गॅरेजना असतो तसा, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून शटरकडे उतार. अठरा फुटांत साधारण सहा इंच. डोळ्यांना कळतही नाही. पण बाबांनी पेपरच्या कडेवर गणित मांडून दाखवलं : एक टनाच्या गाडीला एवढा उतार जवळपास २८ किलोच्या जोराने खाली ओढतो. आणि एकदा चाल मिळाली की थांबवायला त्याहून जास्त जोर लागतो.

गोदरेजचं कपाट कसं हलवता?

पुढच्या रविवारी बाबा स्वतः उतरले. आधी वर्कबेंच समोरच्या भिंतीला गेलं. मग फरशी झाडून घेतली, कारण तीन इंची कॅस्टरला एक बारीक खडाही पुरतो. तो अडला की डॉली जागेवर थांबते आणि वरची गाडी कलंडू बघते. फरशीचे सांधे जिथे खोल होते, तिथे जाड प्लायवूड टाकलं.

मग बाबांनी विचारलं, “घरात गोदरेजचं कपाट कसं हलवतो आपण?”

एक कोपरा टेकलेला ठेवून दुसरा सरकवतो. मग उलटं.

तसंच केलं. चारांऐवजी दोनच डॉल्या, फक्त मागच्या चाकांखाली. पुढची चाकं जमिनीवर आणि गाडी गिअरमध्ये. इंडिकाचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, त्यामुळे गिअर टाकला की पुढून गाडी धरली जाते. मागून ढकललं की नुसती शेपूट वळते. शेपूट दोन फूट उजवीकडे आली की मागचा भाग खाली उतरवला आणि त्याच डॉल्या पुढच्या चाकांखाली. आता गाडी धरायला कोण? तेच जॅम झालेले मागचे ब्रेक! ज्यांच्यामुळे सगळं अडलं होतं, तेच आता नांगर झाले. पुढचा भाग वळवताना मागचे टायर फरशीवर कुरकुरले, तिघांना घाम फुटला, पण गाडी एक इंचही उताराकडे गेली नाही.

अशा चार-पाच फेऱ्या. मध्ये एक चहा. अडीच तासांत इंडिका उजव्या भिंतीला.

चहा पिता पिता बाबा म्हणाले, “लाइनवर गाडीला चाकं जवळजवळ शेवटी लागतात. तोपर्यंत ती दुसऱ्याच्याच चाकांवर फिरते. पण तिथे तिला थांबवणारं कोणीतरी असतं.”

तुमच्या कामाचं काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही राहतो वाकडला, रावेतला, मोशीला. आमच्याकडे कुठलं गॅरेज? खरंय. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभी असलेली एक तरी गाडी असतेच ना? नव्या गाड्यांचा वेगळाच ताप. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक ओढलेला आणि बॅटरी झोपलेली, की चाक सुटता सुटत नाही. अशा वेळी डॉली कामाची. मात्र बेसमेंटच्या रॅम्पवर ती चुकूनही वापरायची नाही, आणि पेव्हर ब्लॉकवर ती चालतच नाही.

भोसरी-चाकण पट्ट्यात फॅब्रिकेशनवाल्यांना तोटा नाही, त्यामुळे डॉली बनवूनही मिळते. पण कॅस्टर किती वजनाचा आहे हे विचारा, नुसतं ‘चालून जाईल’वर जाऊ नका. गाडीचं वजन चार चाकांवर सारखं नसतं. इंजिन पुढे असलेल्या छोट्या गाडीत साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढे असतं. म्हणजे एक टनाच्या गाडीच्या पुढच्या एकेका चाकावर तीनशे किलो. आणि फरशी जरा जरी वरखाली असली, तर ते चार कॅस्टरऐवजी दोन-तीनांवरच येतं. म्हणून कुवत दुपटीने धरा.

डॉली लावण्याआधी

• फरशीवर गोटी ठेवून बघा. ती घरंगळली तर गाडीही घरंगळेल. पाणसळ असेल तर उत्तमच.

• शक्यतो दोन चाकं जमिनीवर ठेवा. चारही उचलायचीच असतील तर फरशी सपाट हवी आणि लाकडी ठोकळे हाताशी हवेत.

• जॅक गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा.

• गाडी आणि भिंत यांच्यामध्ये, विशेषतः उताराच्या बाजूला, कोणीही उभं राहायचं नाही. व्हिडिओ काढायलाही नाही!

• डॉलीवरच्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही.

• दिशा बदलताना कॅस्टर आधी गर्रकन वळतात आणि गाडी झटका देते. हळूहळू ढकला.

• गाडी बराच काळ उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढू नका. गिअर टाका आणि चाकाला ठोकळा लावा.

दसऱ्याला नवी गाडी आली. दादाने ती अगदी रुबाबात, एका दमात डाव्या बाजूला लावली. आईने दोन्ही गाड्यांना झेंडूची माळ घातली, हळदी-कुंकू वाहिलं. इंडिकाचा टेललाइट अजून फुटकाच आहे. बाबा म्हणतात, राहू दे, आठवण म्हणून.

पूजा झाल्यावर सगळे वर गेले. बाबा मात्र मागे रेंगाळले. शटर ओढायला मी खाली आले, तर ते वाकून एक लाकडी ठोकळा लावत होते. नव्या गाडीच्या चाकामागे.