उसाच्या फडातील बिबट्याची पिल्ले

जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य आणि चाळीसगावजवळचे गौताळा-औट्रम घाट अभयारण्य यांच्या आसपासच्या शिवारात, तसेच धुळे जिल्ह्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी ऊस व केळीच्या दाट पिकांत बिबट्याच्या मादीला आडोसा मिळतो. त्यामुळे ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्ले आढळली, तर ती पोरकीच आहेत असे समजणे बहुधा चुकीचे ठरते, कारण शिकारीसाठी गेलेली किंवा माणसांच्या वावराने दूर सरलेली मादी सहसा अंधार पडल्यावर परतते.

अशा पिल्लांसाठी महाराष्ट्रात, विशेषतः जुन्नर परिसरात, पुनर्भेटीची, म्हणजे पिल्लू आईच्या स्वाधीन करण्याची पद्धत रूढ झाली आहे. पशुवैद्यक पिल्लाची तपासणी करतात, आणि संध्याकाळी ते सापडलेल्या जागीच उघड्या क्रेटमध्ये ठेवून, हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याद्वारे दुरून नजर ठेवली जाते. मादी पिल्लाला मानेला धरून उचलून नेते. आईविना पिंजऱ्यात वाढलेले पिल्लू शिकार शिकत नाही आणि माणसाला सरावते, म्हणून त्याला पुन्हा जंगलात सोडणे जवळजवळ अशक्य होते.

गाईचे दूध पाजल्यास पिल्लाला हगवण लागू शकते, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत असल्याने त्याचे पिल्लू घरी नेणे गुन्हा आहे. म्हणून पिल्लू दिसताच त्याला हात न लावता तोडणी थांबवावी, गर्दी हटवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.