मांजराचे अंग गार पडले तर



ज्वारीचे पोते असो की भुईमुगाच्या शेंगा, उंदीर-घुशींपासून त्यांची राखण आपल्या घरचे मांजर करते. म्हैस आजारी पडली की आपण लगेच निपाणीचा किंवा बेळगावचा जनावरांचा दवाखाना गाठतो. मांजर कोपऱ्यात जाऊन बसले, तर ‘होईल आपोआप बरे’ म्हणून सोडून देतो. पण कधी कधी तेवढ्याच वेळात ते हातचे जाते.

गळघोटू आपल्याला ठाऊक आहे. त्यात जंतू म्हशीच्या रक्तात भिनतात व तिला सडकून ताप येतो. मांजराच्या रक्तातही असे जंतू भिनू शकतात. बोक्यांच्या भांडणात चावा बसून झालेले गळू, मादीच्या गर्भाशयात साठलेला पू, छातीतला किंवा पोटातला पू ही त्याची नेहमीची कारणे. जंतूंशी झगडताना शरीराचा तोल जातो, रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतले पाणी बाहेर झिरपते आणि रक्तदाब कोसळतो. यालाच डॉक्टर ‘सेप्टिक शॉक’ म्हणतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. माणसाचे किंवा कुत्र्याचे काळीज अशा वेळी सहसा जोरात धडधडते. मांजराचे मात्र पुष्कळदा मंद होते व अंग गार पडते. म्हणून आजारी मांजर गार लागले, तर ‘ताप उतरला’ असे समजू नये. तीच धोक्याची खूण असू शकते.

घरी काय पाहावे?

१. हिरड्या : निरोगी मांजराच्या हिरड्या गुलाबी असतात. फिकट किंवा पिवळट दिसल्या तर धोका. बोटाने दाबून सोडल्यावर 2 सेकंदांत रंग परत यावा.

२. काळीज : डाव्या कोपराच्या मागे छातीवर हात ठेवून 15 सेकंद ठोके मोजा व 4 ने गुणा. आजारी मांजराचे ठोके मिनिटाला 140 पेक्षा कमी भरले तर उशीर करू नका.

३. श्वास : निवांत पडलेले असताना मिनिटाला 40 पेक्षा जास्त श्वास किंवा तोंड उघडून धापा टाकणे वाईट.

४. अंग : गुदद्वारातील ताप साधारण 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतो. 100 च्या खाली गेला, कान व पंजे गार पडले, पोटाला हात लावू देत नसेल, तर थांबू नका.

यावर घरगुती औषध नाही. शिरेतून सलाईन व जंतुनाशक औषधे देणे हे डॉक्टरांचेच काम. आपण मांजराला कापडात गुंडाळून, हवा लागेल अशा टोपलीत घालून लवकर न्यावे. मलूल मांजराच्या तोंडात दूध-पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. आणि आपली पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

दुखण्यात गरीब मांजरही चावते. चावलेच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. मुकी जनावरे दुखणे सांगत नाहीत, आपणच रोज त्यांच्याकडे नजर टाकली पाहिजे.