टॅबचा क्रम ही नोंद नव्हे

आमच्याकडे दर सहा महिन्यांनी समितीसमोर प्रगती अहवाल मांडावा लागतो. मागच्या वेळी त्याच्या आदल्या रात्री माझा लॅपटॉप अपडेटसाठी स्वतःहूनच रीस्टार्ट झाला. ब्राउझरच्या दोन खिडक्यांमध्ये मिळून ३१ पेपर उघडे होते. एक खिडकी जशीच्या तशी परत आली. दुसरीतले पेपर मी हिस्टरीमधून एकेक करून उघडले. तासाभरात सगळे ३१ टॅब समोर होते, पण क्रम पार विस्कटला होता.

तुम्ही म्हणाल, पेपर मिळाले ना, मग काय बिघडलं? बिघडलं ते असं. डावीकडून उजवीकडे टॅब लावताना मी एक युक्तिवाद रचला होता: पद्धत कुणी मांडली, कुणी वापरली, कुणाचे आकडे जुळले नाहीत, आणि माझं काम कुठून सुरू होतं. तो युक्तिवाद त्या क्रमाशिवाय कुठेही लिहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका सरांनी एका संदर्भावर बोट ठेवून विचारलं, "हा पेपर इथे कशासाठी?" मला आठवेना. पेपर वाचलेला होता, पण तो तिथे का होता ते सांगता आलं नाही.

नंतर शांतपणे बघितलं, की ब्राउझर हा क्रम ठेवतो तरी कुठे. उघडे टॅब मेमरीत असतात. वीज गेली की मेमरी कोरी. म्हणून ब्राउझर अधूनमधून त्यांची यादी डिस्कवर लिहितो. फायरफॉक्स ही यादी, काही बदल झाला असेल तर, साधारण दर १५ सेकंदांनी एका फाइलमध्ये उतरवतो. क्रोमियमवर आधारलेले ब्राउझर 'हा टॅब उघडला', 'हा अमुक जागी सरकवला' अशा घडामोडींची रोजनिशी ठेवतात आणि पुन्हा सुरू होताना ती वाचून खिडकी उभी करतात.

म्हणजे क्रम जपायची सोय आहे. मग तो बिघडतो कसा? शेवटची नोंद होण्याआधीच ब्राउझर बंद पडला, तर त्या क्षणी सरकवलेले टॅब जुन्या जागी दिसतात. पिन केलेले टॅब कायम डावीकडे जातात. लिंकवरून उघडलेला टॅब बहुधा मूळ टॅबच्या शेजारी बसतो, तर कंट्रोल-टी दाबून उघडलेला सहसा शेवटी. माझी चूक मात्र हिस्टरीची होती. हिस्टरी वेळेनुसार लावलेली असते, सर्वांत अलीकडचं पान वर. टॅब कोणत्या जागी होता हे ती सांगत नाही. आधी कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून बघायला हवं होतं. त्याने बंद झालेली खिडकी बऱ्याचदा मूळ क्रमासकट परत येते.

हा फक्त टॅबचा प्रश्न नाही. रसायनशास्त्रातलं एक उदाहरण बघा. एनएमआरचे केमिकल शिफ्ट मोजण्यासाठी २०१४ मध्ये 'नेचर प्रोटोकॉल्स'मधून काही पायथन स्क्रिप्ट प्रसिद्ध झाल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या गटाच्या लक्षात आलं, की तोच डेटा आणि तीच स्क्रिप्ट असूनही विंडोज १० वर उत्तर १७३.२ येतं आणि उबुंटू १६ वर १७२.४. कारण साधंच होतं. फाइल ठरावीक क्रमाने मिळतील असं स्क्रिप्टने गृहीत धरलं होतं, आणि तो क्रम खरं तर ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून होता. उपाय काय, तर फाइल आधी क्रमाने लावून घ्यायच्या, म्हणजे क्रम कोडमध्येच स्पष्ट सांगायचा. डेटाबेसमध्येही ऑर्डर बाय लिहिलं नाही, तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी नसते.

माझ्या टॅबचं तेच झालं. क्रमाला अर्थ होता, पण तो मी कुठे सांगितलेला नव्हता.

आता मी एक साधा तक्ता ठेवते. रकाने चारच: अनुक्रमांक, डीओआय, कोणत्या पेपरवरून इथे आले, आणि हा माझ्या युक्तिवादात कशासाठी. शेवटचा रकाना एका वाक्यात भरता आला नाही, तर तो पेपर अजून नीट वाचलेला नाही असं समजते. रात्री उठताना कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून सगळे टॅब तारखेच्या फोल्डरमध्ये बुकमार्क करते. त्यात क्रमही राहतो. पण ती फक्त राखीव प्रत. खरी नोंद तक्त्यातच.

पीएचडीला प्रवेश घेण्याआधीच ही सवय लावून घ्या. आज तुमच्यासमोर जे टॅब उघडे आहेत, त्यातल्या पहिल्या पाचांपासून सुरुवात करा. प्रत्येकासमोर 'कशासाठी' लिहा. मला तिसऱ्याच टॅबवर अडायला झालं होतं.